पावती क्रमांक ४१

प्रिय मित्रा,

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईवरची तुझी कादंबरी लोकांपर्यंत कशी पोहोचवायची, याची तुझी यादी मिळाली. एकवीस कल्पना, त्याही क्रमांक घालून! चौकात बारा फुटी घड्याळ उभं करायचं, त्याचे काटे उलटे फिरवायचे आणि त्याखाली बसून तू सह्या द्यायच्या, हे वाचून मला हसू आलं आणि तुझं कौतुकही वाटलं. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी एवढासुद्धा विचार केला नव्हता. मला वाटलं, पुस्तक छापून आलं, आता पुढचं प्रकाशक बघतील. त्यांना वाटलं, पुढचं लेखिका बघेल. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो आणि गठ्ठे गोदामात बसले.

तेव्हा तुझा उत्साह मोडायचा नाहीये मला. तरी एकवीसपैकी एकोणीस कल्पनांवर मी काट मारली आहे. का, ते सांगते.

१९२७ साली पॅरिसमध्ये एका वृत्तपत्रवाल्याने बेत आखला होता. ज्योर्ज सिमेनाँ या तरुण लेखकाने काचेच्या पिंजऱ्यात बसायचं आणि लोकांच्या डोळ्यांदेखत कादंबरी लिहायची. गाजावाजा भरपूर झाला, पण बेत बारगळला. पिंजरा कधी उभाच राहिला नाही. गंमत म्हणजे पुढे कितीतरी जण 'आम्ही त्याला काचेआड लिहिताना पाहिलंय' असं सांगत राहिले. तो किस्सा आजही सांगितला जातो. त्यात काच असते, गर्दी असते, कादंबरी मात्र नसते. तुझ्या बारा फुटी घड्याळाचं तेच होईल. लोक फोटो काढतील आणि घरी जाऊन घड्याळाबद्दल बोलतील.

मी प्रत्येक कल्पनेला एकच प्रश्न विचारला. यातून तुझं पुस्तक काढून तिथे साबण ठेवला तर चालेल का? उलट्या घड्याळाखाली साबण छान खपेल. तुझ्या यादीतल्या ड्रोनलाही साबण चालेल. त्या 'भाग्यवान विजेता' सोडतीला तर साबणच बरा. पुस्तक काढलं की जी कल्पना कोसळते, ती तुझी. अशा यादीतल्या दोन उरल्या, आणि तिसरी तू यादीत घातलेलीच नव्हतीस. ती तुझ्या कादंबरीतच होती.

तुझ्या नायिकेची वही आठव. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाची ती त्यात नोंद ठेवते. 'क्रमांक १७. मनगटी घड्याळ. मालक म्हणतात, पुढे जातं. तपासलं. घड्याळ बरोबर आहे.' हस्तलिखित वाचताना मी या ओळीपाशी थांबले आणि चहा गार झाला. चार वाक्यांत एक माणूस उभा राहिला की रे! या नोंदी पावतीच्या आकारात छाप. खऱ्या पावतीसारखा पातळ कागद, वर क्रमांक, मध्ये नोंद, खाली बारीक अक्षरात कादंबरीचं नाव आणि ती कुठे मिळेल ते. बस. 'हृदयस्पर्शी', 'खिळवून ठेवणारी' असलं काही नको. तुझा फोटोही नको. प्रत्येक पावतीवर वेगळी नोंद हवी, म्हणजे सतरा क्रमांक ज्याच्या हाती पडला तो अठरा कुणाकडे आहे ते विचारेल.

त्या ठेवायच्या कुठे? जिथे माणसं वाट बघत बसतात तिथे. दवाखान्याच्या बाकावर, केस कापायच्या दुकानात, वाचनालयाच्या टेबलावर. आणि अर्थातच घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या काउंटरवर. मात्र विचारून ठेव. न विचारता टाकलेला कागद म्हणजे कचरा. शिवाय विचारायला गेलास की बोलणं होतं, आणि त्या बोलण्यातूनच निम्मं काम होतं. घड्याळजींना तर आधी अख्खी कादंबरीच वाचायला दे. त्यांच्या धंद्यावर कादंबरी लिहिणारा त्यांना रोज भेटत नाही. एखादा म्हणेल, 'बॅलन्स व्हील (घड्याळाची चाल राखणारं चाक) असं धरत नाहीत.' त्याचं ऐक आणि छापण्याआधी दुरुस्त कर. चूक दाखवणारा वाचक पुस्तक आपलंच मानायला लागतो. अमेरिकी लेखक अँडी वीअरने 'द मार्शियन' ही कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट दिली होती. जाणकार वाचक विज्ञानातल्या चुका कळवत, तो त्या सुधारत असे. मग वाचकांनीच ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर वाचता येईल अशी प्रत मागितली. २०११ मध्ये त्याने ती अॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात चालेल तेवढ्या कमीत कमी किमतीला ठेवली. मोठ्या प्रकाशकाची छापील आवृत्ती आली २०१४ मध्ये. तोवर ती कादंबरी कितीतरी लोकांची झालेली होती.

मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका बिआट्रिक्स पॉटरची गोष्टही याच जातीची. १८९३ मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेल्या चित्रपत्रातून तिचा पीटर ससा जन्मला. प्रकाशकांनी नाकारल्यावर १९०१ च्या डिसेंबरमध्ये तिने स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी प्रकाशकाची आवृत्ती निघाली आणि १९०३ मध्ये तिने सशाच्या बाहुलीची रीतसर नोंदणी करून टाकली! लाजरी, घरकोंबडी बाई म्हणून आपण तिची कल्पना करतो. व्यवहार मात्र पक्का होता. मला आवडतं ते हे की तिने मुलांच्या हातात पुस्तकातलीच वस्तू दिली. तुझी पावतीही पुस्तकातलीच वस्तू आहे.

दुसरी कल्पना, पहाटेच्या वाचनाची. तू लिहिलं होतंस, 'संध्याकाळी सातला लाइव्ह येऊन एक प्रकरण वाचीन.' संध्याकाळी सातला सगळं जग लाइव्ह असतं. तुझं सर्वात चांगलं प्रकरण पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी घडतं ना? मग ते तेव्हाच वाच. कोण जागं असेल? रात्रपाळीच्या परिचारिका, पहारेकरी, तान्ह्या बाळाच्या आया, झोप न येणारे. त्यांच्यासाठी त्या वेळी कुणी काही वाचत नाही. नऊ जण आले तरी नाराज होऊ नकोस. ते नऊ जण दुसऱ्या दिवशी जे सांगतील ते नव्वद जाहिरातींना जमणार नाही. ध्वनिमुद्रण ठेव, पण चोवीस तासच. उशिरा येणाऱ्याला थोडी चुटपुट लागू दे.

आता वाचनाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे बहुतेक लेखक माती खातात. चांगली लिहिणारी माणसं स्वतःचं पान असं वाचतात की समोरच्याला घड्याळाकडे बघावंसं वाटतं (तुझ्या बाबतीत तो विनोद होईल, पण नकोच). इंग्रज कादंबरीकार डिकन्स १८५८ पासून पैसे घेऊन जाहीर वाचन करायचा. त्यासाठी तो कादंबऱ्यांच्या वेगळ्या प्रती तयार करत असे. त्यांत उतारेच्या उतारे काटलेले, शब्द अधोरेखित केलेले आणि समासात स्वतःलाच आवाजाच्या, हातवाऱ्यांच्या सूचना. म्हणजे त्याच्यासारखा माणूसही छापलेलं जसंच्या तसं वाचत नव्हता. तूही अशी एक प्रत कर. सात मिनिटांच्या वर जाऊ नकोस. पहिलं प्रकरण वाचू नकोस. त्यात तू सगळ्यांची ओळख करून देतोस आणि ऐकणाऱ्याला नावं लक्षात राहत नाहीत. दोनच माणसं बोलतायत असा प्रसंग निवड. वर्णनं काप. 'तो म्हणाला, ती म्हणाली' हे आवाजातून कळत असेल तर तेही काप. आणि थांबायचं ते प्रसंग संपायच्या चार ओळी आधी. लोक चुळबुळ करतील. करू देत. पुस्तक शेजारच्याच टेबलावर असेल.

प्रकाशन समारंभ करायचाच असेल तर छोटा कर. माझ्या एका समारंभात प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं बोलले. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, हे तिसऱ्या मिनिटाला कळलं. उरलेली सत्तेचाळीस मिनिटं ते स्वतःच्या पुस्तकावर बोलले. सभागृह भरलेलं होतं, टाळ्या झाल्या आणि पुस्तकांचे खोके आम्ही जसेच्या तसे उचलून परत आणले. तेव्हापासून मंचावर मोठं नाव नको, पुस्तक वाचलेला माणूस हवा, हा माझा हट्ट आहे. तुझ्या बाबतीत तो माणूस एखादा घड्याळजी असला तर काय बहार येईल!

परीक्षणांविषयी मात्र मला थोडं कडक बोलायचंय. यादीतला चौदावा मुद्दा, 'मित्रांकडून पन्नास पंचतारांकित अभिप्राय', मी इतक्या जोरात खोडलाय की कागद फाटला. अॅमेझॉनच्या नियमांत लेखकाच्या घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी अभिप्राय देणं बसतच नाही. पकडले गेले तर ते काढून टाकतात. आणि पकडले गेले नाहीत तरी वाचकाला वास येतो. अमेरिकी कवी वॉल्ट व्हिटमनने स्वतःच्या कवितासंग्रहाची परीक्षणं निनावी लिहिली होती. नामवंत लेखक इमर्सनने खाजगी पत्रात केलेल्या कौतुकाचं वाक्य तर त्याने १८५६ च्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं, न विचारता. तो व्हिटमन होता, त्याच्या कवितेने ते झाकून घेतलं. तू नि मी हा धोका पत्करू नये.

त्याऐवजी तीस अनोळखी वाचकांची नावं काढ. 'अशा विषयावरचं आवडतं' असं ज्यांनी स्वतः कुठेतरी लिहिलंय असे. प्रत्येकाला वेगळं पत्र लिही, त्यांनी काय लिहिलं होतं त्याचा उल्लेख कर आणि छापण्याआधी दोन-तीन महिने प्रत पाठव. विनंती एकच करायची. वाचलंत तर जे वाटेल ते लिहा, नाही आवडलं तरी. तीसपैकी बरेच गप्प बसतील. त्यांना आठवण एकदाच करायची, दोनदा नाही.

समाजमाध्यमांवर तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तिथे मी फार बोलत नाही. एवढंच, की मुखपृष्ठ रोज टाकू नकोस. रोज एक नोंद टाक. चाळीस जणांना टॅग करू नकोस. आणि ज्यांना खरंच पुढचं वाचायचंय त्यांचे ईमेल पत्ते विचारून स्वतःजवळ ठेव, कारण तिथलं खातं उद्या दिसेनासं झालं तर मागे काही उरत नाही. पुस्तकाच्या ट्रेलरवर खर्च करू नकोस. ट्रेलर बघून मी एकही पुस्तक विकत घेतल्याचं मला आठवत नाही. 'बेस्टसेलर करून देतो' म्हणणाऱ्याला तर उत्तरसुद्धा देऊ नकोस.

तू अमेरिकी कादंबरीकार ब्रँडन सँडरसनचं उदाहरण दिलंस. खरं आहे, मार्च २०२२ मध्ये त्याने चार कादंबऱ्यांसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर वाचकांकडून चार कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली. मात्र त्याची पहिली कादंबरी २००५ ची. मधल्या सतरा वर्षांत तो नेमाने लिहीत होता आणि वाचकांशी बोलत होता. तू महिन्याचा आकडा पाहिलास, मी सतरा वर्षं पाहते. तुझ्या यादीतले सगळे कार्यक्रम पहिल्या पंधरवड्यातले आहेत. सोळाव्या दिवशी काय करणार आहेस? पावत्यांचं बरं असं की त्या वर्षभर वाटता येतात. आठवड्याला दहा, त्याहून जास्त नाही. वाचकगट तुझं पुस्तक घेतील तेव्हा त्यांच्यासाठी शेवटच्या दहा घड्याळांच्या पावत्या राखून ठेव. त्यांच्या नोंदी कादंबरीत नसलेल्या, नव्या लिही.

तिसरी कल्पना, घड्याळांच्या संग्राहकांना भेटण्याची, तुझी तूच छान मांडली आहेस. त्यात माझी लुडबूड नको.

छपाईचा पहिला नमुना आला की एक पावती मला पाठव. सतरा नको, ती मला पाठ झाली आहे. क्रमांक ४१ पाठव. ती बाई टेबलावरचं घड्याळ ठेवून गेली, 'उद्या येते' म्हणाली आणि आलीच नाही. आणि तू पुढच्या पानावर सरळ बेचाळीसवर गेलास. परवापासून मी तिचाच विचार करतेय.

तुझी,
ताई