गोव्यात नवीन घरासाठी होम ऑटोमेशनचा कुठला प्लॅटफॉर्म निवडावा?

तुमचं फोंड्यातलं चिऱ्यांचं दुमजली घर गिलाव्यापर्यंत आलंय. विक्रेता म्हणतो सगळं एकाच कंपनीचं घ्या, मित्र म्हणतो होम असिस्टंट (घरातल्याच छोट्या संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर) सोडून दुसरं काही नको, आणि तुम्ही विचारताय ऐकायचं कोणाचं. तूर्तास दोघांचंही नाही. प्लॅटफॉर्म पुढे केव्हाही बदलता येतो, गिलाव्याखाली गेलेली वायर नाही. म्हणून आधी वायरमनशी बोला.

प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणून ठेवायला सांगा. सॉकेट असलेल्या बोर्डात तो असतोच. जिन्यातल्या किंवा बाथरूमबाहेरच्या नुसत्या दिव्यांच्या बोर्डात बहुधा नसतो. न्यूट्रल नसेल तर मॉड्यूलला (बोर्डात बसणाऱ्या स्मार्ट स्विचला) लागणारा थोडासा करंट दिव्यातूनच जातो, आणि एलईडी बंद असूनही मंद पेटलेला राहतो किंवा लुकलुकतो. मग दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर लावत बसावं लागतं. बोर्डाचे बॉक्स किमान 50 मिमी खोल घ्या, आणि शक्यतो पीव्हीसीचे, कारण लोखंडी बॉक्समध्ये रेडिओ सिग्नल कोंडतो. प्रत्येक मजल्याच्या छतापर्यंत एक कॅट-6 केबल ओढून ठेवा. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय आधीच कमी जातं आणि पावसाळ्यात भिंत ओली झाली की आणखी कमी. एका राउटरवर दोन्ही मजले चालणार नाहीत.

आता उपकरणं. दुकानात अ‍ॅप किती छान दिसतं ते बघू नका. एक मॉड्यूल घरी आणून राउटरची इंटरनेटची वायर काढा, वायफाय चालू ठेवा, आणि अ‍ॅपवरून दिवा लागतो का पाहा. लागला नाही तर तो दिवा तुमच्या घरातून नाही, कंपनीच्या सर्व्हरवरून चालतोय. सर्व्हर बंद होतात: रिव्हॉल्व्ह नावाचा हब (घरातली उपकरणं एकत्र चालवणारा डबा) मे 2016 मध्ये कंपनीनेच बंद केला, इन्स्टिऑन या दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल 2022 मध्ये काही न सांगता थांबले. दुसरी परीक्षा, हब बंद करून भिंतीवरचं बटण दाबा. घरातल्या आजींना मोबाईल न शोधता दिवा लावता आलाच पाहिजे. तिसरी, मेन स्विच पाडून परत चढवा. वीज परत आल्यावर प्रत्येक रिले (मॉड्यूलमधला विजेवर चालणारा स्विच) कुठल्या स्थितीत येतो ते सेटिंगमधून ठरवता यायला हवं. जूनमध्ये रात्री वीज येजा करते तेव्हा ही सेटिंग नसलेले स्मार्ट बल्ब झोपेत डोळ्यावर पेटतात. पंपाचा रिले तर वीज आल्यावर बंदच राहिला पाहिजे.

पंपाबद्दल थोडं सविस्तर, कारण गडबड इथेच होते. मॉड्यूलवर 10 अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या साध्या लोडसाठी. 1 एचपीची मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, रिलेचे पॉइंट चिकटतात आणि अ‍ॅपमध्ये ‘बंद’ दिसत असताना टाकी वाहत राहते. मॉड्यूलने फक्त काँटॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट स्विचची) कॉइल चालवा, मोटर काँटॅक्टरवर टाका, आणि टाकीतला फ्लोट स्विच कॉइलच्या सिरीजमध्ये ठेवा, म्हणजे सॉफ्टवेअर चुकलं तरी पाणी थांबेल. 2000 वॉटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर घेतो. त्याला 16 अँपिअरचंच मॉड्यूल. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरच्या) पंख्यावर डिमर किंवा रेग्युलेटर नको, त्याचा वेग रिमोटच्या सिग्नलनेच बदला.

उपकरणं आणि हब ज्या भाषांत एकमेकांशी बोलतात त्यांपैकी मॅटर आज सगळ्यात सोयीचं, कारण तेच उपकरण एकाच वेळी दोन-तीन प्लॅटफॉर्मना जोडता येतं. ते 2022 च्या ऑक्टोबरमध्ये आलं, पंखे त्यात 1.2 आवृत्तीपासून आले. जोडणी अडली तर बहुतेक वेळा राउटरवर आयपीव्ही6 (नेटवर्कमधल्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद असतं किंवा पाहुण्यांच्या वायफायमध्ये उपकरणं एकमेकांना दिसत नसतात. झिगबी ही दुसरी भाषा स्वस्त आणि भरवशाची आहे. वायफाय चॅनल 1 वर आणि झिगबी 25 वर ठेवा, आणि त्याचा डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ) यूएसबी 3 पोर्टला थेट न खुपसता मीटरभर एक्स्टेन्शनवर लावा. लंडनहून, लिस्बनहून किंवा दुबईहून कोणी झेड-वेव्ह या तिसऱ्या भाषेचं सामान आणून देत असेल तर मात्र नम्रपणे नको म्हणा. तिथली फ्रिक्वेन्सी 868 मेगाहर्ट्झच्या आसपास, आपली 865.2, इथल्या हबशी ते बोलणार नाही. झिगबी आणि वायफाय दोन्हीकडे 2.4 गिगाहर्ट्झ, तिथे ही अडचण नाही.

तुमच्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचं सामान घरातल्या घरात एकत्र चालवायला होम असिस्टंटइतकं सोयीचं दुसरं मला दिसत नाही. पण त्याला महिन्यातून एकदा लक्ष देणारा माणूस लागतो. तुम्ही बोटीवर किंवा आखातात असाल आणि घरी आईवडीलच असतील, तर मोठ्या कंपनीचा तयार हब त्यांना जास्त सुखाचा, फक्त खालची उपकरणं मॅटर किंवा झिगबीची ठेवा. होम असिस्टंट घेतलंच तर मेमरी कार्डवर नको, एसएसडीवर चालवा (सतत लिहिणं आणि मध्येच वीज जाणं यात कार्ड मरतं), हब आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवा, आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर. मेन बोर्डात टाइप 2 सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग ही विजांसाठी, प्लॅटफॉर्म कुठलाही असो.

आणि बोर्ड बंद करण्याआधी प्रत्येक मॅटर मॉड्यूलवरच्या क्यूआर कोडचा आणि त्याखालच्या 11 अंकी कोडचा फोटो काढून खोलीच्या नावासह ठेवा. मॉड्यूल रीसेट करून नव्या प्लॅटफॉर्मला जोडायची वेळ आली की तोच लागतो, आणि तो तेव्हा भिंतीत असतो.