रोजच्या गिऱ्हाइकापासून सुरुवात कर

चि. स, अनेक आशीर्वाद.

गांजाच्या कायदेशीर विक्रीवरचं तुझं टिपण वाचलं. मेहनत दिसते, पण तू भलत्याच माणसापासून सुरुवात केली आहेस. तुझं गिऱ्हाईक शनिवारी रात्री मित्रांबरोबर एखादी ओढतं आणि सोमवारी वेळेवर कामाला जातं. अशी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांना कुठलाही बरा कायदा चालतो. धंदा मात्र त्यांच्या जिवावर चालत नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ ला गांजाची दुकानं उघडली. त्याच वर्षी राज्याने मागणीचा अभ्यास करून घेतला, त्यात दिसलं की ओढणाऱ्यांपैकी साधारण २२ टक्के लोक जवळजवळ रोज ओढतात आणि एकूण मालापैकी ६७ टक्के तेच संपवतात. अमली पदार्थांच्या धोरणाचे अभ्यासक जोनाथन कॉल्किन्स यांचा २०२४ चा लेख तू वाचला असशीलच. महिन्यातले २१ किंवा त्याहून जास्त दिवस गांजा घेणारे अमेरिकेत १९९२ साली दहा लाखही नव्हते. २०२२ मध्ये ते १ कोटी ७७ लाख झाले, तितक्याच वेळा दारू घेणाऱ्यांपेक्षा तीस लाखांनी जास्त. म्हणून प्रत्येक कलमापुढे एकच प्रश्न लिही: याने सकाळी उठल्या उठल्या पेटवणाऱ्याचं काय होईल?

कराचंच बघ. तुमच्या कॅनडात सुक्या फुलावर ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, जे जास्त असेल ते. खाण्याच्या गोळ्या-चॉकलेटांवर मात्र दर मिलिग्रॅम टीएचसीला, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाला, एक सेंट. आता हिशेब मांड. २८ टक्क्यांच्या एक ग्रॅम फुलात २८० मिलिग्रॅम टीएचसी असतं आणि त्यावर कर साधारण एक डॉलर. तेवढंच टीएचसी गोळ्यांतून घेतलं, तर दोन डॉलर ऐंशी सेंट. १४ टक्क्यांच्या सौम्य फुलावरही तोच एक डॉलर! मग पिकवणारा सौम्य माल कशाला पिकवेल? भाव पडले की रोजच्या माणसाला कमी पैशांत जास्त कडक माल मिळतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ३५ टक्के टीएचसीच्या वरच्या मालावर २५ टक्के कर आहे, खालच्यावर १०. पायऱ्या ओबडधोबड आहेत, पण दिशा बरोबर आहे. आणि ही कल्पना अमेरिकेतून आली असं समजू नकोस. ब्रिटिश अमदानीत बंगालच्या अबकारी खात्याने चपटा, गोल आणि चूर अशा तीन तऱ्हांच्या गांजावर चढते दर लावले होते, कारण चुरात काडी नसते, नुसता ऐवज असतो. तराजू एवढंच हत्यार हाती असलेल्यांना जे जमलं, ते प्रयोगशाळा असलेल्यांना का जमू नये?

आता कोटा. त्यावर तू एक ओळ लिहून पुढे गेलीस, तिथे थांबायला हवं होतं. आपल्याकडे महाराष्ट्रात दारूच्या परवान्यावर महिन्याला बारा युनिट अशी मर्यादा आहे. दुकानात ती कोण मोजतं? पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना फाडला की काम झालं. मी अबकारी खातं आतून पाहिलंय, त्यामुळे कागदावरच्या कोट्याचं कौतुक मला सांगू नकोस. उरुग्वेने २०१७ मध्ये औषधाच्या दुकानांतून विक्री सुरू केली ती बोटाचा ठसा घेऊन, महिन्याला ४० ग्रॅमपर्यंत. तिथे मोजणी खरी आहे. पण ४० ग्रॅम म्हणजे रोजच्या तीन-चार सिगारेटी, तेव्हा रोज ओढणाऱ्याला ही मर्यादा फारशी आडवी येत नाही. शिवाय सुरुवातीचा सरकारी माल इतका सौम्य होता की गिऱ्हाइकं टिकवायला पुढे कडक वाण आणावे लागले. हा पेच तुझ्या टिपणात यायलाच हवा, कारण फार आवळलं की माणूस पुन्हा गल्लीतल्या पुडीवाल्याकडे जातो.

मला स्वतःला याच विषयाचे अमेरिकन अभ्यासक मार्क क्लाइमन यांची सूचना पटते. पहिल्या खरेदीआधीच गिऱ्हाइकाने आपली महिन्याची मर्यादा स्वतः लिहून द्यायची, ती भरली की त्याला दुकानदाराने माल द्यायचा नाही आणि मर्यादा वाढवायची तर काही दिवस थांबायचं. सरकारने हुकूम सोडला तर माणूस पळवाट शोधतो. इथे शब्द त्याचाच असतो. सगळ्यांना हे रोखेल असं नाही, पण एक तारखेचा शहाणा माणूस वीस तारखेच्या बेभान माणसाला थोडा तरी आवरेल.

दुकान कुणाचं, यावर तू तटस्थ राहिली आहेस. मी राहणार नाही. अमेरिकेत अनेक दुकानांत दर खरेदीवर पॉइंट, सकाळी लवकर आलात तर सवलत, २० एप्रिलला, म्हणजे गांजावाल्यांच्या सणाला, सेल. हे पॉइंट साठतात ते शनिवारच्या माणसाचे नव्हेत. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात दुकानं सरकारी आहेत, २०२० पासून वयाची अट २१ आहे आणि तिथे मिठाईसारखा माल विकत नाहीत. मात्र सरकारी दुकान म्हणजे सगळं पवित्र, असंही मानू नकोस. मार्चअखेरचं महसुलाचं उद्दिष्ट डोक्यावर आलं की सरकारी माणूसही विक्रेताच होतो. म्हणून दुकानं अर्थखात्याकडे नकोत, आरोग्यखात्याकडे हवीत.

आणि एक. हे वाचून तुझा एखादा सहकारी म्हणेल, मग बंदीच बरी. त्याला आपला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा दाखव. तो येऊन चाळीस वर्षं झाली. एम्सच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे भांग, गांजा, चरस यांपायी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख लोक या देशात आहेत. त्याच कायद्याचं ६४अ कलम आपण होऊन उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देतं. चांगलं कलम आहे, पण ते माहीत असलेला गांजेकस मला सहसा भेटला नाही.

पुढच्या मसुद्यात कराचा तक्ता टीएचसीच्या मिलिग्रॅमवर मांड आणि कोट्याला निदान दोन पानं दे. पाठवण्याआधी तुमच्या भागातल्या एखाद्या व्यसनमुक्ती समुपदेशकाला वाचायला दे. त्याने समासात काय लिहिलं, ते मला कळव.

तुझा,
काका