मृत्युपत्र तुमचं, मग वकीलही तुम्हीच शोधा

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालेय, वय 71, डोंबिवलीत राहते. मिस्टर गेले, मूलबाळ नाही. फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला, माझ्या एकटीच्या नावावर आहे, आणि चिपळूणला वडिलांच्या जमिनीत माझा वाटा आहे. दोन्ही बहिणीच्या मुलीला द्यायचंय, माझं सगळं तीच बघते. ती म्हणते मावशी, माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, घरी येऊन सही घेऊन जातील, तुला धावपळ नको. पण मला वाटतं आपण आपला वकील बघावा. कसा शोधायचा? आणि नाहीच केलं मृत्युपत्र तर काय होईल? सोसायटीत नॉमिनी म्हणून तिचंच नाव आहे.

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, म्हणजे घाई का करायची ते कळेल. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याचं कलम 15 लागतं आणि ते तुमच्यासारख्या बायकांसाठी फार विचित्र आहे. नवरा नाही, मूल नाही, अशा वेळी तुमच्या स्वतःच्या कमाईचा फ्लॅट जातो नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे दीर, पुतणे वगैरे, आणि वडिलांकडून आलेली जमीन जाते वडिलांच्या वारसांकडे. भाचीने कितीही केलं असलं तरी फ्लॅटमध्ये तिचा नंबर लागत नाही. नॉमिनीचं म्हणाल तर सोसायटी तिला तात्पुरती मेंबर करून घेईल, मालक नाही करणार. मालकी वारसाहक्काने नाहीतर मृत्युपत्राने ठरते.

आता वकील. भाचीच्या मनात काही वाईट असेल असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण तिचा वकील घेऊ नका, आणि हे तिच्याच भल्यासाठी सांगतेय. उद्या दिराच्या मुलांनी कोर्टात आव्हान दिलं तर पहिला प्रश्न हाच येणार की वकील कुणी आणला, पैसे कुणी दिले, सही करताना खोलीत कोण होतं. ज्याला मालमत्ता मिळणार त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला तर कोर्ट ते संशयास्पद धरतं, सुप्रीम कोर्टाने 1959 सालीच हे सांगून ठेवलंय. म्हणून वकील तुम्ही शोधा, भेटायला एकट्या जा (रिक्षाने सोडायला भाची आली तर येऊ दे, पण आत नको), फी तुमच्या खात्यातून द्या आणि पावती घ्या.

शोधायचा कुठे? बँकेतल्या जुन्या लोकांना विचारा, सोसायटीचं काम बघणारे, इन्कम टॅक्स भरून देणारे सीए, यांना दिवाणी बाजूचे वकील माहीत असतात. ओळखीत ज्यांच्याकडे मृत्यूनंतर मृत्युपत्र खरंच वापरायची वेळ आली त्यांना विचारलं तर उत्तमच, कारण करून देणारे खूप, टिकलं का ते तेव्हाच कळतं. जाहिरातीवर जाऊ नका, आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमाने वकिलाला जाहिरात करताच येत नाही, त्यामुळे जो स्वतःहून फोन करून स्कीम सांगतो तिथेच थांबा. रजिस्ट्रेशन ऑफिसबाहेर बसणारे एजंट टायपिंग चांगलं करतात पण ते एकच नमुना सगळ्यांना चिकटवतात. आणि एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते, स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, हेल्पलाइन 15100. निदान पहिला सल्ला तिथे घ्या.

वकील भेटला की सनद (वकिलीचा परवाना) कुठली, किती वर्षं दिवाणी काम करतात, वारसाच्या केसेस चालवल्यात का हे सरळ विचारा, लाजू नका. मग हळूच विचारा, मला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागेल का? डोंबिवलीला ती सक्ती आधीही नव्हती, मुंबई शहरात होती, आणि 2025 च्या अखेरीस संसदेने त्या सक्तीचं कलमच काढलं. हे ज्याला नीट सांगता येईल त्याचं वाचन चालू आहे असं समजा. चिपळूणच्या जमिनीचा सातबारा, फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) मागितले नाहीत तर मात्र दुसरा वकील बघा! तुमचं नाव फेरफाराने चढलंय का, वाटणी झालीय का, हे न बघता नुसतं "माझी सर्व जमीन" लिहिलं तर भाचीला नंतर तलाठ्याकडे चकरा. त्या भागासाठी चिपळूणच्याच एखाद्या वकिलाकडून कागद तपासून घेतले तरी हरकत नाही, मृत्युपत्र एकच राहील.

फी एकरकमी ठरवा, त्यात मसुदा, दुरुस्त्या आणि रजिस्ट्रेशनला सोबत येणं आहे का ते लिहून घ्या. मालमत्तेच्या किमतीवर टक्के मागणारा नको. मृत्युपत्राला वकालतनामा (कोर्टात वकील नेमल्याचा कागद) लागत नाही, स्टॅम्प ड्युटीही नाही, साधा कागद चालतो, त्यामुळे या नावाखाली पैसे मागितले तर विचारा कशाचे. ओरिजिनल कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. दोन साक्षीदार लागतात, ते तुमच्यापेक्षा तरुण बघा, भाची आणि जावई सोडून कुणीही. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण तुमच्या केसमध्ये कराच, आणि तुमची बुद्धी, समज शाबूत असल्याचं फॅमिली डॉक्टरचं त्याच दिवसाचं सर्टिफिकेट जोडा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत आहोत, इथे घर, पुण्यात फ्लॅट. पुण्याच्या वकिलाकडून एकच मृत्युपत्र करून घेतलं तर चालेल का? मुलं लहान आहेत.

उत्तर : एकात लिहिता येतं, पण मी करणार नाही. घर-जमीन जिथे असते तिथला कायदा लागतो, आणि पुण्याच्या वकिलाला न्यू जर्सीचा कायदा माहीत असायचं कारण नाही. तिथल्या राज्याचं लायसन्स असलेला इस्टेट प्लॅनिंग अॅटर्नी (मृत्युपत्र, वारसा बघणारा वकील) घ्या, काउंटीच्या बार असोसिएशनकडे चौकशी केलीत तर नावं मिळतात. शेजारच्या न्यूयॉर्कचा मित्र वकील आहे म्हणून त्याच्याकडे जाऊ नका, त्याचं न्यू जर्सीचं लायसन्स असेल तरच. मुलांचा पालक कोण हे तिथल्या मृत्युपत्रात आलंच पाहिजे. भावाला, पुतण्याला काही ठेवायचं असेल तर ते आधी सांगा, न्यू जर्सीत नवरा-बायको आणि मुलांना इनहेरिटन्स टॅक्स (वारशावरचा कर) नाही पण भाऊ-पुतण्यांना लागू शकतो.

पुण्याच्या फ्लॅटचं वेगळं करा, आणि दोन्ही वकिलांना एकमेकांचा मसुदा दाखवा. कारण जवळजवळ प्रत्येक नमुन्यात "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य असतं, ते तसंच राहिलं तर नंतर केलेलं आधीचं उडवतं. पुण्याच्या मृत्युपत्रात त्या वाक्यात "फक्त भारतातील मालमत्तेपुरतं" असं लिहून घ्या.