बहुमत असूनही साठ मते कशाला?

प्रश्न : अमेरिकेच्या सिनेटमध्ये १०० सदस्य असताना ५१ मते असूनही विधेयक का अडते, आणि तरीही काही कायदे निसटत्या बहुमताने कसे संमत होतात?

उत्तर : विधेयकाला साधे बहुमत पुरते, पण त्याआधीची चर्चा थांबवायला ६० मते लागतात आणि अल्पमतातील पक्ष नेमका तिथेच पाय रोवून बसतो. मात्र १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्यातील ‘रिकन्सिलिएशन’ प्रक्रियेत (हिला पळवाट म्हणत, पण आता तो राजमार्गच झाला आहे) चर्चेला २० तासांची मर्यादा आहे, त्यामुळे ती थांबवायला ६० मतांची गरजच उरत नाही. मुख्य अट अशी, की तरतूद महसूल किंवा खर्चाशी निगडित हवी. म्हणूनच २०२१ मध्ये करोना मदत विधेयक ५०-४९ ने तरले, पण त्यातील तासाला १५ डॉलर किमान वेतनाची तरतूद सभागृहाच्या नियमतज्ज्ञांनी नियमबाह्य ठरवली.