हिऱ्याचं नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

बडोद्याहून, दांडिया बाजारातल्या एका काकांचं पत्र आहे. मुलाच्या साखरपुड्याला सुनेसाठी एक कॅरेटची अंगठी करायचीय, खाणीतल्या हिऱ्याची 3 लाख, लॅबमधल्याची 45 हजार, "रीसेलच्या दृष्टीने खाणीतलाच बरा ना?" आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, मे महिन्यात रिटायर होतोय, बँकेतल्या मॅनेजरने एफडीसारखंच आहे म्हणून वर्षाला 2 लाखांची गॅरंटीड पॉलिसी दिली, कागद मागच्याच आठवड्यात आले.

काका, तो हिरा जरा राहू दे.

10 वर्षं दोन-दोन लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी 30 लाख. दीडपट ऐकून बरं वाटतं पण व्याज काढलं तर जेमतेम 4 टक्के पडतं हो, एफडीत साडेसहा धरले तरी टॅक्सच्या आधी 39 लाखांच्या आसपास होतात. त्यात मे नंतर पगार बंद, मग उरलेले नऊ हप्ते कुठून भरणार? पेन्शनचा तर पत्रात शब्द नाही. मधेच सोडलीत तर भरलेल्यातले बरेच बुडतात. एफडीसारखंच म्हणे! एफडीला दरवर्षी हप्ता भरावा लागतो का?

सुदैवाने पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस फ्री लुक असतो, तेवढ्यात परत केली की स्टॅम्प ड्यूटी, मेडिकल असलं किरकोळ कापून पैसे परत मिळतात. अर्ज थेट इन्शुरन्स कंपनीला द्या, लेखी, आणि पोच घ्या. मॅनेजर समजवायला घरी येईल, चहा पाजा, सही करू नका.

आता हिरा. दोन्ही कार्बनच, लॅबमधला सीव्हीडी मशीनमध्ये मिथेन वायूपासून काही आठवड्यांत वाढवतात, सराफाचा टेस्टर पेन दोघांवर सारखाच वाजतो. रीसेलचं म्हणाल तर खाणीतलासुद्धा विकायला गेलात की भाव पाडूनच मागतात, लॅबच्याला तर बऱ्याच ठिकाणी विचारतही नाहीत, आणि गोल्ड लोनला गेलात तर खड्याचं वजन वजा करून नुसतं सोनं धरतात, खडा कुठलाही असो. पटत नसेल तर त्याच सराफाला विचारा, हीच 3 लाखांची अंगठी उद्या कॅशमध्ये कितीला घ्याल, लिहून द्या.

म्हणून 45 हजारांचीच घ्या, सर्टिफिकेटवरचा नंबर हिऱ्याच्या कडेला लेसरने कोरलेला असतो, तो भिंगातून जुळवून बघा. उरलेले अडीच लाख रिटायरमेंटच्या पैशांत टाका. पण सराफाकडे जायच्या आधी सोमवारी इन्शुरन्सचं ऑफिस.