मोदकच्या पायाखाली काय घालू?

प्रश्न : आम्ही लीड्सला राहतो. मुलीसाठी हरमन जातीचं वर्षाचं कासव आणलंय, नाव मोदक. दुकानातून पेटीत पसरायला लाल वाळू मिळाली. मैत्रीण लाकडाचा भुसा घाल म्हणते, सासूबाई वर्तमानपत्र. मोदक सारखा कोपरा उकरतो आणि त्याचे डोळे चिकटतात. काय घालावं? नाशिकला माझा भाऊ स्टार कासव घेणार आहे, त्यालाही तेच चालेल का?
– एक वाचक

उत्तर : वाळू आजच काढा. नुसती कोरडी वाळू डोळ्यांत जाते, घासाबरोबर पोटात जाऊन आतडी तुंबवते. वाळू काढूनही दोनतीन दिवसांत डोळे निवळले नाहीत, किंवा नाक वाहायला लागलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. डोळे चिकटण्यामागे श्वसनाचा संसर्ग किंवा अ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते.

मोदक उकरतोय, कारण त्याला गाडून घ्यायचंय. हरमन कासवं इटली, ग्रीस, बाल्कनच्या झुडपाळ रानातली. पिल्लं बराच वेळ झुडपांच्या बुडाशी मातीत दडून असतात. तिथे वरची माती कोरडी असली तरी आत ओल असते, आणि ती ओल पिल्लाला लागतेच. सुक्या पेटीत वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर उंचवटे येतात. पूर्वी याचा दोष जास्त प्रथिनांना द्यायचे. २००३ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी आफ्रिकन सुलकाटा जातीच्या कासवांच्या पिल्लांवर अभ्यास केला, तेव्हा हवेतल्या ओलाव्याचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी जास्त दिसला. एकदा आलेले उंचवटे सपाट होत नाहीत, म्हणून मी याबाबत एवढी आग्रही आहे.

बिनखताची टॉपसॉइल (जमिनीच्या वरच्या थराची माती) दोन भाग आणि मुलांच्या खेळायची धुतलेली वाळू एक भाग, असं कालवा. थर निदान दहा सेंटिमीटर हवा. कुंड्यांचं कंपोस्ट घेऊ नका. त्यात खत असतं आणि पांढरे पर्लाइटचे दाणे कासवं खातात. माती मुठीत दाबली की लाडवासारखी वळली पाहिजे, बोट लावताच फुटली पाहिजे, पाणी मात्र गळता कामा नये. ओल कमी झाली तर कोपऱ्यांतून पाणी सोडा म्हणजे ती तळाशी राहील. वरचा थर चिखलट राहिला तर पोटाकडचं कवच कुजतं.

मी मालवणची, त्यामुळे काथ्याच्या भुग्यावर माझा जीव. पण नुसता भुगा वाळला की धूळ होते. मातीत थोडा मिसळलात तर ओल छान धरतो. लाकडाच्या भुशात सीडर किंवा पाइन असेल तर त्यांच्या तेलांनी श्वसनाला त्रास होतो, तेव्हा तो नकोच. सासूबाईंचा सल्ला आजारपणात उपयोगी आहे. विष्ठा नीट दिसावी म्हणून दवाखान्यात मीही कागदच घालते. रोजच्यासाठी मात्र कागदावर पाय घसरतात आणि उकरायला काही मिळत नाही.

पाला स्लेटच्या फरशीवर वाढा. माती पोटात जात नाही, शिवाय चोचही झिजत राहते.

आता तुमच्या भावाबद्दल. स्टार कासव पाळणं भारतात गुन्हा आहे. बाजारात येतात ती बहुतेक रानातून पकडून चोरून आणलेली असतात. या तस्करीमुळेच २०१९ साली त्याला साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातलं, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद. भावाला आजच फोन करून थांबवा. कासव घरी आलंच असेल, तर वनविभागाच्या ताब्यात द्यायला सांगा. परस्पर कुठल्या तरी माळावर सोडू नये, पाळीव कासवांचे आजार रानातल्या कासवांना लागतात.