भावाच्या डोक्याला मार लागल्यावर त्याचं ऑफिसला जाणं परत कसं सुरू करावं?
भावाचा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून लगेच फुल टाईम पाठवू नका. स्कॅन बरा दिसला तरी मेंदू लवकर थकतो, सकाळी माणूस ठणठणीत आणि दुपारी साधा ईमेल चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, मग लोकांना वाटतं नाटकं करतोय. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूचं काम कसं चालतंय ते तपासणारा मानसतज्ज्ञ) मेमरी-अटेन्शनची टेस्ट करून घ्या, सुरुवातीला रोज दोन-तीनच तास, डोक्याचं काम सकाळीच उरकायचं, आणि साहेबांनी तोंडी सांगितलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागायचं. फिट येत असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बाईक बंद. आणि सरकारी नोकरी असेल तर कोणी कितीही दबाव टाकू दे, राजीनामा देऊ नका, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच पगारात घ्यावं लागतं.